मदत हवी आहे : 7 वर्षांच्या मुलीचा आळशी डोळा, पट्टी टिकत नाही

आम्ही गंगाखेडजवळ राहतो. मुलगी दुसरीत. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा कळलं, उजवा डोळा झाकला की तिला तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीखालचं काहीच वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांनी मात्र घडाघडा वाचते, त्यामुळे घरात कुणालाच शंका आली नव्हती. तिरळेपणा नाही, डोकं दुखत नाही.

परभणीत थेंब टाकून तपासणी झाली. नंबर उजवा +1, डावा +4.5. डावा डोळा आळशी, म्हणजे मेंदू त्याचा वापर कमी करतो; तो कामाला लागावा म्हणून चष्मा आणि रोज 2 तास चांगल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी सांगितली. चष्मा आवडीनं लावते. पट्टी घामानं सुटते. चष्म्यावर कापड लावून पाहिलं, तर कडेनं डोकावून बघते. वय वाढेल तसा उपचाराचा गुण कमी येतो, म्हणून घाई आहे. 'एवढ्या लहानपणी चष्मा कशाला' हे कृपया सांगू नका.

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला खास लहान मुलांचे डोळे तपासणारे डॉक्टर कुठे आहेत? सरकारी असेल तर बरं, एसटीनं एका दिवसात जाऊन येता यावं. आणि ज्यांच्या लेकरांना पट्टी होती, त्यांनी ती उन्हाळ्यात कशी टिकवली, शाळेत लावली की घरी?