घोंगडी: मागाच्या आधी मेंढीचा विचार

घोंगडीचे गालिचे, उशांचे अभ्रे आणि पिशव्या शहरी घरांत पोहोचल्या तर सनगरांचे, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजाचे, माग चालू राहतील, असे घोंगडीच्या भवितव्याविषयीच्या चर्चेत म्हटले जाते आणि ते मला पटते. मात्र या चर्चेत मेंढीचा विषय कुठेच आलेला नाही. घोंगडीचा पोत आणि टिकाऊपणा दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीतून येतो, आणि तिचा काळा रंग नैसर्गिक असल्यामुळे रंगवण्याची गरजही पडत नाही. लोकरीला भाव नाही आणि मटणाला आहे, म्हणून अनेक धनगर कुटुंबे माडग्याळसारख्या, अंगावर फारशी लोकर नसलेल्या जातींकडे वळली आहेत. कातरलेली लोकर कित्येक ठिकाणी अक्षरशः फेकून दिली जाते, ही फार वेदनादायक गोष्ट आहे.

म्हणून नव्या वस्तूची आखणी करणाऱ्यांनी या भरड लोकरीला सोयीचे उपयोग शोधावेत. थेट अंगाला लागणाऱ्या कपड्यापेक्षा अस्तर लावलेले जाकीट, बैठकीची सतरंजी किंवा भिंतीवरचा पडदा तिला अधिक शोभतो. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देण्याची पद्धतही टिकवावी, कारण विणताना सुताला बळ तिच्यामुळेच मिळते. मऊपणासाठी बाहेरची मेरिनो लोकर मिसळली तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीसारख्या गावातल्या विणकराला काम मिळेलही, पण मेंढपाळाच्या हाती काहीच पडणार नाही. खरेदीदारांनी विणकराच्या मजुरीइतकीच कातरलेल्या लोकरीच्या दराचीही चौकशी करावी, असे मला मनापासून वाटते.