मामा तलावांच्या नोंदी नकाशावर आणायला कोणतं सॉफ्टवेअर?

मामातलाव_अर्जुनी: गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडचे मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले माजी मालगुजारी तलाव. ढीवर (मासेमार) सोसायटीच्या बाया अन् पोरं दर महिन्याला वहीत लिहितात: पाणी कुठवर आलं, बेशरमाची झुडपं किती पसरली, देवधान (रानटी धान)-कमळ कुठं उरलं, पक्षी कोणते. आता हे नकाशावर पाहिजे. तलावावर रेंज नाही. खर्च करायचा नाही, फोन आहेत तेच. काय वापरू?

रानवाट: क्यूजीआयएस, संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. फोनवर त्याच्याच जोडीचं ॲप क्यूफील्ड टाका, रेंज नसली तरी चालतं. आम्ही कोरचीकडे वनहक्काच्या जंगलातले प्लॉट असेच नोंदवतो.

हिरवापट्टा: गार्मिनचा हातातला जीपीएस घ्या. माझा पाण्यात पडला, अजून चालू आहे. फोनची बॅटरी दुपारीच बसते.

मामातलाव_अर्जुनी: भाऊ, खर्च नाही करायचा म्हटलं ना.

हिरवापट्टा: एकदाच तर लागतो.

नकाशेवाला: क्यूजीआयएसच. पण नोंदी शेपफाइल प्रकारच्या फाइलीत नको, जिओपॅकेज प्रकारात साठवा. शेपफाइलमध्ये कॉलमची नावं तुटतात, मराठी नोंदींचा कचरा होतो. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये काढायला यूटीएम (मीटरमध्ये मोजायची नकाशा-पद्धत, रेखांशानुसार पट्टे म्हणजे झोन) झोन ४३ ठेवा.

रानवाट: ४३ नाही, ४४! ७८ रेखांशाच्या पूर्वेला ४४ लागतो.

नकाशेवाला: आमच्या अमरावतीत ४३च वापरतात.

रानवाट: अमरावती ७८च्या अलीकडं आहे. गोंदिया पार ८०च्या पुढं.

कापूसकोंड्या: कोणतंही घ्या, पण सगळ्या नोंदी सीएसव्हीत (कुठंही उघडणारी साधी तक्त्याची फाइल) बाहेर काढता येतात का ते आधी बघा. आम्ही एका कंपनीचं ॲप पैसे भरून घेतलं. मुदत संपली अन् दोन हंगामांच्या नोंदी आतच अडकल्या. फोन उचलत नाहीत आता.

पाणकोंबडी: मीही क्यूजीआयएसच म्हणेन. अन् सारसाचं घरटं दिसलं तर नेमकी जागा उघड्या नकाशावर टाकू नका. आमच्याकडं कुणीतरी टाकली, फोटोवाल्यांनी बांधीतलं धान तुडवलं.

मामातलाव_अर्जुनी: सगळ्यांचे आभार. क्यूफील्ड बायांच्या हाती देऊन पाहिलं. लेयर (नकाशाचा थर) निवडा, पेन्सिल दाबा, मग जागेचा बिंदू. त्या म्हणाल्या, वहीच बरी. म्हणून कोबोटूलबॉक्स घेतोय, फोनवर फॉर्म भरून नोंदी गोळा करायचं साधन. मराठी फॉर्म, एकामागून एक प्रश्न, फोटो, बिंदू. गावात रेंज आली की नोंदी जातात. फोनच्या जीपीएसची चूक ५ मीटरपर्यंत उतरल्याशिवाय बिंदू घ्यायचा नाही, असं ठरवलंय. तलावाची हद्द मीच लॅपटॉपवर क्यूजीआयएसमध्ये आखतो, झोन ४४मध्ये. घरटी वहीतच राहतील.

रानवाट: कोबोच्या फुकट खात्याला मर्यादा असते. फोटोचा आकार फॉर्ममध्येच कमी करून ठेवा. तरी मी क्यूफील्डच म्हणतो.

पाणकोंबडी: फॉर्म झाला की इथं टाका. साकोलीकडच्या तलावांना आम्हालाही लागेल.