झिरो एडी: माझ्याकडे अल्फा २७, भावाकडे अल्फा २६. एकत्र कसं खेळायचं?

रिकामा_हत्ती:
झिरो एडी हा लढायांचा मोफत खेळ आम्हाला एकत्र खेळायचाय. माझा लॅपटॉप विंडोजवाला, धाकट्या भावाचा डेबियन १२ या लिनक्सवर. मी खेळाच्या साइटवरून अल्फा २७ ही आवृत्ती उतरवून घेतली. त्याने डेबियनच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या साठ्यातून, टाकला तर त्याला मिळाला २६. एकाच वायफायवर आहोत, पोर्ट २०५९५ उघडा आहे, फायरवॉल बंद करूनही पाहिली. तो माझा आयपी टाकून जोडायला जातो आणि लगेच बाहेर फेकला जातो. खेळाडू जमतात त्या ऑनलाइन लॉबीत तर आम्ही एकमेकांना दिसतच नाही. तो रोज अपडेट मारतो, रोज उत्तर तेच, सगळं अद्ययावत आहे म्हणून. लिनक्ससाठी २७ आलाच नाही का? की मीच परत २६वर जाऊ? तसं केलं तर हा आयुष्यभर ऐकवेल.

कुंपणावरचा_भालाईत:
आधी ती फायरवॉल चालू करा, तिचा काही दोष नाही.

२७ लिनक्ससाठीही आहे, फक्त डेबियन १२च्या रिपॉझिटरीत नाही. डेबियन १२ निघालं जून २०२३मध्ये. तेव्हा ताजा होता २६, तो सप्टेंबर २०२२चा. २७ आला थेट जानेवारी २०२५मध्ये. स्थिर रिपॉझिटरीत सुरक्षेच्या आणि मोठ्या चुकांच्या दुरुस्त्या येतात, खेळाची नवी आवृत्ती सहसा येत नाही. भावाने फ्लॅटहब या साइटवरून फ्लॅटपॅक (वेगवेगळ्या लिनक्सवर चालणारं पॅकेज) टाकावा, किंवा डेबियन १३वर जावं. मागे जाऊ नका.

लॉबीत दिसत नाही कारण प्रत्येक अल्फाची खोलीच वेगळी असते. आणि ही आडमुठेपणाची गोष्ट नाही. हा खेळ नेटवर्कवरून सैनिक पाठवत नाही, फक्त हुकूम पाठवतो: ‘हे पाच भालाईत तिकडे’. पुढचा सगळा हिशोब दोन्ही मशीन आपापला करतात, आणि तो तंतोतंत जुळावा लागतो. विंडोज, लिनक्स, मॅक असं मिसळून खेळता यावं म्हणून सैनिकांच्या जागांचं गणित फ्लोटिंग पॉइंट (मशीनगणिक किंचित वेगळं येऊ शकणारं दशांश गणित) टाळून फिक्स्ड पॉइंटमध्ये (पूर्णांकांवर चालणाऱ्या गणितात) ठेवलंय. पण २६मध्ये भालाइताचा वेग एक आणि २७मध्ये दुसरा असेल तर गणित कितीही पक्कं असून काय उपयोग?

मी एकदा रिलीज कँडिडेटची (प्रकाशनाआधीच्या आवृत्तीची) चाचणी करत होतो. चाळिसाव्या मिनिटाला ‘आउट ऑफ सिंक’, म्हणजे दोन्हीकडचा हिशोब जुळेना. माझ्या पडद्यावर एक बाई झाड तोडतेय, समोरच्याच्या पडद्यावर तीच बाई पुढच्या झाडाकडे निघालीय. दोघांच्या लॉगमधल्या डंप फाइली (खेळाच्या त्या क्षणाच्या स्थितीच्या नोंदी) शेजारी शेजारी ठेवून रात्री दोनपर्यंत ओळी ताडत बसलो. दोष निघाला आमच्या मॉडमध्ये (खेळात बदल करणाऱ्या जोडणीत): नाव एकच, पण त्याच्याकडची प्रत जुनी. तेव्हा मॉडही दोघांकडे तेच ठेवा, आवृत्तीच्या आकड्यासकट.

सम_विषम:
वेस्नॉथ हा पाळीपाळीने खेळायचा मोफत खेळ, त्याच्या खेळाडूंचं दुखणं वेगळं. तिथे आवृत्तीचा मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर विकासातली, हे सोपं आहे. पण १.१६ (२०२१) वरून १.१८ (२०२४) वर मोहीम अर्धी असताना गेलो आणि जुना सेव्ह रुसला. अॅड-ऑनही (इतरांनी बनवलेल्या मोहिमा वगैरे) नव्या मालिकेसाठी वेगळे चढवावे लागतात, आणि एखाद्याचा लेखक गायब झाला असेल तर बसा वाट बघत. म्हणून मी जुनी आवृत्ती काढत नाही, नवी शेजारी टाकतो.

खिशातला_सम्राट:
हा धागा वाचून मी फोनवर अनसिव्हच, म्हणजे साम्राज्य उभारायचा मोफत खेळ, खेळत बसलो. अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स, सगळीकडे एकच. झिरो एडी फोनवर नाही, हे आधीच सांगतो, कोणीतरी विचारणारच.

रिकामा_हत्ती:
फ्लॅटपॅक चालला! पण फ्लॅटपॅक आपला फोल्डर वेगळा ठेवतो, त्यामुळे भावाला त्याचे जुने रिप्ले (खेळलेल्या डावांच्या नोंदी) दिसेनात आणि त्याने मलाच झापलं. फाइली हाताने हलवल्या, तरी २६चे रिप्ले २७वर चालत नाहीत ते नाहीतच.

आणि २७च्या ‘अग्नी’ या नावाचं कोडं भावानेच सोडवलं. अल्फांची नावं इंग्रजी अक्षरक्रमाने. २६ला झेड संपला, म्हणून २७ परत ए. हे समजावून सांगत असताना त्याने माझ्या बाजारावर हत्ती घातले.

कुंपणावरचा_भालाईत:
आउट ऑफ सिंक नाही ना आलं?

रिकामा_हत्ती:
नाही. दोन्ही पडद्यांवर सारखाच हरलो.