कॅम्पर ट्रेलरच्या उघड्या प्लायला पावसाळ्याआधी काय लावावं?

ट्रेलर म्हापशात, पत्र्याच्या शेडखाली असतो, पण बाजूने पावसाची झड येते. फ्लोअर १२ मिमी मरीन प्लायचा (आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक). वरची बाजू ठीक आहे. त्रास खालच्या बाजूला आणि कडांना, जिथे चाकांचं पाणी उडतं. मागच्या कडेचे थर सुमारे ४० सेंमी लांबीत सुटू लागलेत, स्क्रू टोचला तर २-३ मिमी आत जातो.

गेल्या वर्षी पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे दोन हात दिले होते. सपाट भागावर टिकले, कडांवर सोलले, कारण कापलेली कड पाणी शोषते आणि फिल्म आतून उचलली जाते. चॅसिसच्या सांध्यांत सिलिकॉन भरलं, ती तर चूकच झाली: आता त्यावर रंग धरत नाही.

फ्लोअर काढता येत नाही, वेल्डिंग तोडावं लागेल. खालून हात पोचतो. जून लागायच्या आत उरकायचंय.

बेत असा: कुजलेलं खरवडून, लाकूड पूर्ण सुकवून, कडांना आधी पातळ इपॉक्सीचे (दोन घटक मिसळून कडक होणारं रेझिन) २-३ हात, मग जाड इपॉक्सी. खालच्या सपाट भागाला मात्र काय द्यावं, तिथेही इपॉक्सी की बिटुमिनस (डांबरी) पेंट? आणि सिलिकॉनचा अंश पूर्ण कसा काढायचा?