जुन्या घडीव लोखंडी खाटेचे रिवेट ढिले: वेल्डिंग करावे का?

डिचोलीकर: गावच्या लोहाराने घडवलेली जुनी खाट बल्कांवात (घरापुढच्या छपराखालच्या बैठकीत) ठेवायची आहे. उशाकडच्या चौकटीचे 8 मिमीचे रिवेट (पट्ट्या जोडणारे, दोन्हीकडे डोके असलेले खिळे) हलतात आणि पावसाळ्यात पट्ट्यांच्या सांध्यांतून तांबडे ओघळ येतात. वेल्डर म्हणतो, टाके मारून देतो. मारू द्यावेत?

ऐरण: अजिबात नको! गंज पट्ट्यांच्या मधे आहे, टाका तो आतच कोंडतो. बारीक फटीतून ओल शिरत राहते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे पट्ट्या फाकतात. शिवाय खरे घडीव लोखंड असेल तर त्यात कीटाचे (लोखंड गाळताना राहिलेल्या मळीचे) धागे असतात आणि त्यावरचा टाका कच्चा राहतो.

रिवेटच्या डोक्यावर मधोमध पंचने खूण करून ड्रिलने डोके पोखरा, मग दांडा ठोकून बाहेर काढा. पट्ट्या सुट्या करून आतल्या बाजू तारेच्या ब्रशने घासा, प्राइमर लावा. नवा रिवेट तापवून ठोकताना त्याच्याभोवतीचा प्राइमर थोडा जळेल, चालेल. नवा रिवेट मऊ पोलादाचा घ्या, भोक अर्धा मिमी मोठे हवे, कारण तापल्यावर दांडा फुगतो. गोल डोक्यासाठी दांडा व्यासाच्या दीडपट बाहेर ठेवा, म्हणजे इथे 12 मिमी. जास्त राहिला तर वाकतो, कमी पडला तर डोके भरत नाही. लालभडक तापवून झटपट ठोकायचा. निवताना आखडतो आणि सांधा आवळला जातो. ठिणग्या उडेपर्यंत तापला तर जळाला, टाकून द्या. हे काम भाता-ऐरण असलेल्या लोहाराकडूनच करून घ्या.

मांडवीकाठ: वरच्या उत्तरात एक भर. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडा घासू नका. पाणी मारत घासा, मास्क लावा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ राहिले की नवा रंग महिन्यांत फुगतो, मग कितीही महाग डबा आणा. काम पावसानंतर, कोरड्या हवेत धरा आणि घासलेल्या दिवशीच प्राइमर मारा. खाचांतला न निघणारा गंज टॅनिनवाल्या रस्ट कन्व्हर्टरने (गंजाचा टिकाऊ थर करणाऱ्या द्रावणाने) काळा पडू द्या. सैल पापुद्रे मात्र आधी काढा. वर एनॅमलचे दोन हात.

डिचोलीकर: पाय चिऱ्याच्या फरशीवर टेकतात. खाली रबर लावू का?

मांडवीकाठ: रबराच्या टोपीत पाणी साचते आणि पाय तिथेच कुजतो. नायलॉनची सपाट चकती ठेवा, आणि पायाच्या तळालाही रंग द्या. तोच भाग बहुतेक जण विसरतात.