मदत हवी आहे: ग्लायडर शेतात उतरवताना होणारे अपघात आणि उशिरा घेतलेला निर्णय

नमस्कार. मी इंदूरचा रहिवासी असून माझी मुलगी शिक्षणानिमित्त जर्मनीत आहे आणि तेथील एका क्लबात दोन वर्षांपासून ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) उडवते. गेल्या जूनमध्ये वर नेणारी उष्ण हवा (थर्मल) न मिळाल्याने तिला तळावर परतता आले नाही आणि ग्लायडर गव्हाच्या उभ्या पिकात उतरवावे लागले. एका पंखाचे टोक ओंब्यांत अडकले, ग्लायडर गर्रकन फिरले आणि शेपटीचा दांडा मोडला. तिला पाठीला मुका मार लागला.

तिच्या मते शेत वाईट निघाले. मला मात्र वाटते की चूक शेताच्या आधी झाली. साधारणपणे ६०० मीटर उंचीवर उतरण्याजोगा परिसर, ४५० मीटरवर नेमके शेत आणि ३०० मीटरवर उतरणीची फेरी असा क्रम शिकवतात, आणि त्यानंतर वर नेणारी हवा मिळाली तरी पुन्हा वर चढण्याचा मोह टाळायचा असतो. ती मात्र २५० मीटरवरही थर्मलच्या आशेने घिरट्या घालत होती, हे तिनेच फोनवर सांगितले. मग घाईत जे समोर आले तेच शेत तिला घ्यावे लागले.

मला अधिक भीती वाटते ती उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणाची. ४५ अंश कललेल्या समतोल वळणात स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो) सुमारे १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांत सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो; जमीन जवळ दिसू लागली की वैमानिक नकळत नाक वर ओढतो, वळण घट्ट करायला पायाने रडर (शेपटीवरचे दिशादर्शक पाते) जास्त दाबतो, आणि तेथून स्पिन (गिरक्या घेत खाली कोसळणे) सुरू झाले तर सावरण्याइतकी उंचीच उरलेली नसते. त्या दिवशी हे घडले नाही, एवढेच.

वरून शेते कशी दिसतात ते पाहायला मागच्या रविवारी मी मुद्दाम इंदूरजवळच्या जानापावच्या डोंगरावर गेलो. खाली गहू आणि हरभरा उभा होता, पण पिकाची उंची मला ओळखता आली नाही, आणि जमिनीचा उतार तर अजिबात कळला नाही. विजेच्या तारा दिसत नव्हत्या. खांब दिसले म्हणून त्यांच्यामध्ये तारा असणार, एवढाच अंदाज बांधता आला. शिवाय तळावर शून्यावर लावलेला उंचीमापक अनोळखी शेताची उंची सांगत नाही, ही बाब मला पूर्वी सुचलीच नव्हती.

येथे ग्लायडर उडवलेले, विशेषतः पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात शिकलेले, कोणी असल्यास कृपया सांगावे: निर्णयाच्या उशिराबद्दलचा माझा समज बरोबर आहे का? पिकाची उंची आणि उतार वरून ओळखण्यासाठी तुम्ही कोणत्या खुणा पाहता? मोटरग्लायडरमध्ये (इंजिन असलेल्या ग्लायडरमध्ये) प्रशिक्षकासोबत बसून, प्रत्यक्ष न टेकता, निरनिराळ्या शेतांवर उतरणीचा सराव करता येतो असे वाचले. तो किती वेळा केल्यावर हात बसतो? एप्रिलमध्ये तिचा हंगाम सुरू होईल. तिला थांबवण्याची माझी इच्छा नाही, परंतु पुन्हा एकटीने दूरचे उड्डाण करण्यापूर्वी हा सराव व्हावा, हे तिला न दुखावता कसे सांगावे, याबद्दलही सल्ला हवा आहे.