मदत हवी आहे: घरी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट आणि ग्लुकोमीटर यांचा मेळ बसेना

चाफेकळी
नमस्कार मंडळी. आईबाबा इचलकरंजीला, मी बंगळूरला. आई ७३ वर्षांची, मधुमेह जुना. गुडघ्यांमुळे दोन जिने उतरणं तिला नको होतं, म्हणून हल्ली रक्त काढायला लॅबचा मुलगा घरीच येतो. परवा फास्टिंग आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) केलं. मुलगा सातला येणार होता, उगवला साडेनऊनंतर. तो दंडाला पट्टी बांधत होता तेव्हाच बाबांनी (त्यांना असल्या गोष्टींची भारी हौस) आईचं बोट टोचून ग्लुकोमीटरवर शुगर बघितली. १४३ आली. संध्याकाळी रिपोर्ट आला, त्यात फास्टिंग १०९! आणि त्याच रिपोर्टात एचबीए१सी ८.१, म्हणजे सरासरी शुगर १८६ च्या आसपास.

आईने यातलं १०९ तेवढं उचललंय. "नॉर्मल आलीय की गं, कशाला ते इन्सुलिन?" असं म्हणून आंब्याची पेटीही उघडून झाली. गुरुवारी डॉक्टर इन्सुलिन सुरू करायचं का ते ठरवणार आहेत. त्यांच्यासमोर कोणता आकडा खरा म्हणून ठेवायचा?

दुसरं म्हणजे, मुलगा यायला उशीर झाला तोवर आईला घाम फुटला होता, हात थरथरत होते. सकाळची ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) तिने नेहमीच्या वेळी घेऊन टाकली होती. अशा वेळी उपास तसाच रेटायचा का? शिवाय तिची शीर लवकर सापडत नाही, दंड अजून काळानिळा आहे.

नळीवाला
लॅब टेक्निशियन आहे, म्हणून आधी उलटतपासणी. ट्यूबच्या झाकणांचे रंग कोणते होते? आणि रिपोर्टवर वरच्या बाजूला रक्त काढल्याची आणि लॅबला पोचल्याची वेळ छापलेली असते, ती काय आहे?

रानवारा
घाम आणि थरथर याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. लगेच बोट टोचून बघायचं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. टेस्ट गेली खड्ड्यात, उद्या होईल. आमच्या डॉक्टरांनी बाबांना बजावून ठेवलंय, रक्त देऊन नाश्ता समोर आल्याशिवाय ती गोळी घ्यायची नाही. इन्सुलिनचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं, ते विचारूनच. साधं पाणी उपासात चालतं. उलट भरपूर प्यायला सांगा, शीरही वर येते.

चाफेकळी
रानवारा, धन्यवाद. १४३ असतानाही थरथर होती, म्हणजे शुगर खाली गेली नव्हती असं दिसतंय. तरी गोळीचं गुरुवारी विचारतेच.
नळीवाला, बाबांना विचारलं. एक जांभळी, एक पिवळी. दोन्ही एका पिशवीत घालून पिशवी बाइकच्या हुकाला अडकवली आणि स्वारी पुढच्या घरी! रिपोर्टवर काढल्याची वेळ ९:४०, पोचल्याची २:०५. मशीन कोल्हापूरला आहे म्हणे.

नळीवाला
इथेच गोम आहे. शुगरसाठी करड्या झाकणाची ट्यूब लागते, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते नसेल तर ट्यूबमधल्या रक्तपेशी ग्लुकोज खातच राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के, उन्हात आणखी. तुमची शुगर पिवळ्या ट्यूबमधून केलेली दिसते. ती चालते, पण रक्त गोठल्यावर ट्यूब लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायला हव्यात. इथे चार तासांहून जास्त वेळ गेलाय. १४३ चे १०९ व्हायला तेवढं पुरतं. फ्लोराइडलाही पूर्ण असर व्हायला तासभर तरी जातो, म्हणून करडी ट्यूब असली तरी रमतगमत नेणं बरोबर नाहीच.

एचबीए१सी जांभळ्या ट्यूबमधलं, त्याला या उशिराने फारसा फरक पडत नाही. त्याला उपासही लागत नाही, हे कित्येकांना माहीत नसतं. पण आईंचं हिमोग्लोबिन किती आहे?

चाफेकळी
मागच्या वेळी ९.४ होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पोट बिघडतं म्हणून तिने सोडल्या.

नळीवाला
मग ८.१ वरही डोळे झाकून विसंबू नका. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वाढलेलं येऊ शकतं. वर रक्त पातळ असलं, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) कमी असलं, तर काही ग्लुकोमीटरही जास्त आकडा दाखवतात. मीटर कोणत्या मर्यादेत नीट चालतो ते पट्ट्यांच्या डब्यातल्या कागदावर छापलेलं असतं, बाबांना वाचायला लावा. मीटरला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं. तरी १०९ त्या हिशेबात बसत नाही. सरळ सांगायचं तर १०९ बाजूला ठेवा आणि बाकी दोन आकडे हिमोग्लोबिनसकट डॉक्टरांना दाखवा.

गुरुवारपर्यंत बाबांच्या हौसेला काम द्या. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी आकडा वहीत लिहायचा. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. आंबा सोललेल्या बोटाचं रक्त घेतलंत तर आंब्याचीच शुगर मोजाल! आणि जेवणानंतर बोटाचा आकडा शिरेच्या रक्तापेक्षा जास्त येतो, दोन्हींची तुलना करू नका.

शिरेचं म्हणाल तर हात कोमट पाण्याने शेकून ठेवा आणि बारीक बटरफ्लाय सुई मागा. पट्टी मिनिटभराच्या वर बांधून ठेवू देऊ नका. ट्यूबवर नाव तुमच्यासमोरच लिहायला किंवा बारकोड चिकटवायला लावा.

मिरची_ठेचा
आमच्याकडे सासूबाईंचं बघून हे शिकलो: बुकिंग करतानाच "पहिलं घर आमचं नको, शेवटचं द्या" म्हणायचं. मुलगा तिथून थेट लॅबला जातो.

नळीवाला
सॅम्पलसाठी उत्तम, पण फास्टिंगवाल्या पेशंटला तेवढं ताटकळत ठेवू नका. शेवटचं घर सकाळी आठच्या आत येत असेल तरच.

चाफेकळी
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही वेळा आणि ट्यूबचे रंग कळवले. ते म्हणाले फास्टिंग परत करा, सोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) करा, इन्सुलिनचं त्यानंतर बघू. आईला एवढंच सांगितलंय की रिपोर्ट परत करायचाय. पेटीत अजून डझनभर हापूस आहेत, ते बाबांनी शेजारी वाटायला काढलेत आणि त्यावरून घरात अबोला आहे.
इचलकरंजीतच सेंट्रिफ्यूज असलेली आणि सकाळी सातला घरी येणारी लॅब कुणाला माहीत असेल तर व्यनि करा.